अकरा मिलिमीटर

"हलू नका भाऊ, वस्तरा हाय," न्हावी म्हणाला आणि नेमका त्याच घडीला शिवहारच्या खिशातला फोन थरथरला. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर फेस होता. हिंगोलीच्या बाजारातली सकाळची वेळ. समोरच्या आरशात रस्ता उलटा दिसत होता आणि उलट्या अक्षरांची जाहिरात लावलेला एक टेंपो त्या उलट्या रस्त्यावरून चालला होता. फोनवर रागिणी मॅडम होत्या. मॅडम म्हणजे शिवहारच्या वरिष्ठ, दूर मोठ्या शहरातल्या संस्थेत बसून ठिकठिकाणच्या साठ खांबांचे आकडे रोज वाचणाऱ्या. त्या सहसा फोन करत नाहीत, मेसेज टाकतात. "शिवहार, आपला माळावरचा खांब खाली गेलाय," त्या म्हणाल्या. "एका दिवसात. अकरा मिलिमीटर." शिवहार बोलला ते भलतंच. "त्या दिवशी लाईट गेली होती मॅडम." "कुठला दिवस ते मी अजून सांगितलंच नाही," मॅडम म्हणाल्या, पण त्यांच्या आवाजात संशय नव्हता, घाई होती. "हो, नागपंचमीचाच. आकड्यांत अर्ध्या तासाचा खंड आहे, रजिस्टरला तुमची नोंदही आहे. पण लाईट गेली म्हणून डोंगर खाली जात नाही ना. त्याच दुपारी तिथे जमीन गुरगुरली होती, लक्षात आहे? मला ते लक्षण बरं वाटत नाही." चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, असं शिवहारला वाटलं. न्हाव्यानं वस्तरा पुन्हा लावला आणि पुन्हा म्हणाला, "हलू नका." शिवहार हलत नव्हता. गालाखालची शीर तेवढी उडत होती.

दाढी पुरी झाली, गालावर तुरटी फिरली, आणि तो मोटारसायकलवर बसून किल्ली न लावताच थांबून राहिला. सहा वर्षांपूर्वीपर्यंत तो टीव्हीच्या छत्र्या बसवायचा. कुणाच्या गच्चीवर चढून छत्रीचं तोंड आकाशाकडे बरोबर कुठं करायचं हे त्याला अंगठ्यानं कळायचं. त्या जोरावर संस्थेनं त्याला कंत्राटावर घेतलं आणि कळमनुरी तालुक्यातल्या एका माळावरचा खांब सांभाळायला दिला. खांब कसला, कमरेएवढा काँक्रीटचा ठोकळा. त्याच्या सळया खाली काळ्या कातळात खोल रोवलेल्या, वर अँटेनावर पांढरं घुमटासारखं झाकण. शेजारच्या नेमसिंगच्या तांड्यावरची माणसं त्याला टोपीवाला म्हणतात. टोपीवाला दिवसरात्र आकाशातल्या उपग्रहांचं ऐकतो आणि आपण नेमके कुठे उभे आहोत ते सांगतो, ज्वारीच्या दाण्याहून बारीक फरकानं. दर पंधरा दिवसांनी जायचं, गवत कापायचं, तांड्यावरून आणलेली लाईटची तार तपासायची, बॅटरी बघायची, रजिस्टर लिहायचं. टोपीला हात लावायचा नाही. पहिल्या दिवशी मॅडमनी सांगितलेला हा पहिला नियम होता, आणि पुढे त्या हसून म्हणाल्या होत्या, बाकीचे नियम मोडलेत तर मला कळणार नाही, हा मोडलात तर उपग्रह चहाडी करतील.

त्या दिवसांत त्याला या कामाचं भारी अप्रूप होतं. मॅडम सांगायच्या आणि तो ऐकून घरी येऊन आईला सांगायचा. सगळा देश वर्षाला तीन बोटं ईशान्येकडे सरकतोय, आपण, आपलं घर, औंढ्याचं देऊळ, सगळे एका गाडीत बसल्यासारखे. पावसाळ्यात धरणं भरली, काळी जमीन पाणी पिऊन जड झाली की त्या भारानं सगळा मुलूख काही मिलिमीटर खाली बसतो आणि उन्हाळ्यात पुन्हा उठतो. टोपीवाल्याच्या आकड्यांत ते दरवर्षी दिसतं, एखादं निजलेलं लेकरू श्वास घेतं तसं. आई, सिंधूबाई, जात्यावर बसावं तशी पाय पसरून ऐकायची आणि म्हणायची, "हे सांगाया एवढ्या वर काहून जावं लागलं रे? मेंढरामागं चालनाऱ्याच्या पायाला कळतं की." मॅडमचं आणखी एक वाक्य मात्र त्यानं आईला कधी सांगितलं नाही. त्या म्हणाल्या होत्या, "पूर्वी आमचं शास्त्र पंचनामा करायचं, शिवहार. जमीन फुटली की आम्ही जायचो, भेग मोजायचो, कागद लिहायचो. आता जमीन नुसती कूस बदलायला लागली तरी वरून दिसतं." तेव्हा शिवहारच्या मनात लगेच आलं होतं की मग आधी का नाही, बत्तीस वर्षं आधी का नाही. हे तो बोलला नाही. मॅडमचा त्यात काय दोष.

बत्तीस वर्षांपूर्वी तो बारा वर्षांचा होता आणि वडील मुंजाजी मेंढरं घेऊन दक्षिणेकडे उतरले होते. शिरड शहापूरहून निघायचं, वाटेत ज्याच्या त्याच्या शेतात खतासाठी कळप बसवायचा, मोबदल्यात धान्य घ्यायचं, पुढे निघायचं. मुंजाजी उभ्या आयुष्यात छताखाली निजले नव्हते असं म्हटलं तरी चालेल; घोंगडी, काठी, कुत्रं आणि वर आभाळ. किल्लारीच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या रानात कळप बसला होता. त्या दिवशी गावात गणपती बोळवले होते, भुरभुर पाऊस होता, आणि तो शेतकरी भला माणूस, त्यानं जेवू घातलं आणि म्हणाला, बाहेर कशाला भिजता, आज घरात या. दगडमातीचं माळवद. पहाटे चारच्या आत भूकंपानं ते खाली आलं. मेंढरं रानात तशीच्या तशी होती, एक कोकरूसुद्धा गेलं नाही. सिंधूबाईनं नवऱ्यासाठी जेवढं रडायचं तेवढं रडून घेतलं, आणि नंतर कुणी काही विचारलं तर एकच बोलायची, "आत या म्हनला. चांगल्या मनानं म्हनला." शिवहारला अजूनही कुणी प्रेमानं "आत या" म्हटलं की त्याचं पाऊल उंबऱ्यावर अडतं, मग ते सोयऱ्याचं घर असो की बँक.

आणि गेली काही वर्षं या जिल्ह्याची जमीन पुन्हा गुरगुरत होती. भांडी वाजायची, पत्रा थरथरायचा, पोटातून आल्यासारखा आवाज यायचा आणि थांबायचा. सिंधूबाईला त्यानं गावाहून हिंगोलीला आणलं, कारण गावात ती घरात पाऊल ठेवीना. इथे आल्यावर तिनं स्लॅबकडे एकदा वर पाहिलं आणि आपली बाज अंगणात काढली. पावसात वर ताडपत्री. शेजारी विचारायला लागले, सुनेनं सासूला बाहेर काढलं का म्हणून. दीपमाला, शिवहारची बायको, यानं अर्धमेली व्हायची. "अवो, लोक मला नावं ठेवून राहिले," ती म्हणायची, "तुमी तर जमीन मोजता ना? मंग सांगा की त्यायला, काही होत न्हाई म्हून." तो सांगायचा. माय, मी मोजतो, माझ्या खांबाला आधी कळेल, तू आत नीज. सिंधूबाई म्हणायची, "तुझ्या खांबाचे खिळे धरतीच्या टाळूत ठोकलेत. ती दुखून वरडती."

नागपंचमीचं असं झालं. त्या दिवशी कुणी नांगर धरत नाही, खुरपं चालवत नाही, विळी घेत नाही, तवासुद्धा चुलीवर चढत नाही. जमिनीच्या अंगाला लोखंड लावायचं नाही, तिच्या पोटात नागाची लेकरं असतात. हे तर सगळा मुलूख पाळतो. सिंधूबाईनं आदल्या दिवसापासून अन्न सोडलं. "सगळ्यांनी लोखंड काढलं, माझ्याच लेकाचं तेवढं रुतून ऱ्हायलं. एक दिस काढ. एक घडी काढ. मंग मी आत निजते." मंग मी आत निजते, हे शेवटचं वाक्य तिनं बोलायला नको होतं. सळया निघणार नव्हत्याच, त्या कातळात होत्या. पण टोपी निघत होती. त्यानं आईला मोटारसायकलवर मागे बसवलं, तिच्या मांडीवर लाह्यांची पुरचुंडी आणि दुधाची बाटली, आणि दोघं माळावर गेले. त्यानं यंत्र बंद केलं. घुमट काढला, अँटेनाची तार सोडवली, अँटेना फिरवून उचलली आणि पोत्यावर ठेवली. आईनं खांबाच्या उघड्या डोक्यावर हात फिरवला, म्हातारी एखाद्या तापलेल्या कपाळावर फिरवते तसा. मग उतारावरच्या वारुळाला दूध वाहून आली. अर्धा तास. त्यानं सगळं पुन्हा बसवलं, अँटेनावरचा बाण उत्तरेकडे केला, यंत्र चालू केलं, रजिस्टर काढलं आणि लिहिलं: लाईट गेली होती, बॅटरी उतरली. मराठवाड्यात या नोंदीवर आजवर कुणी शंका घेतलेली नाही. दुपारी दोघं घरी पोचले आणि तासाभरात भांडी वाजली. सिंधूबाई दारापर्यंत आली होती. ती तिथून परत अंगणात गेली आणि तिनं पुन्हा कधी आत निजायची गोष्ट काढली नाही.

म्हणजे मॅडमचा फोन आला तेव्हा त्याला दोन गोष्टी एकदम आठवल्या आणि त्या एकमेकींत इतक्या मिसळल्या की वेगळ्या करता येईनात. त्या दिवशी त्याचा हात लागला होता. आणि त्याच दिवशी जमीन हलली होती. अकरा मिलिमीटर कुणाचे? मोटारसायकलवर बसल्या बसल्या तो बोटांवर जुळणी करायला लागला. घुमट, त्याचे चार स्क्रू, तार, अँटेना, खालचा आटा. आणि आट्यावरची चकती. पितळी, जाड, रुपयाहून थोडी मोठी, अँटेना बरोबर उत्तरेकडे बसावी म्हणून मध्ये घातलेली. काढताना ती हातात आली होती, गार लागली होती. परत घालताना? त्यानं डोळे मिटून हाताला विचारलं. छत्रीचं तोंड चुटकीसरशी ओळखणारा हात काही बोलेना. चकती नसेल तर अँटेना तेवढी खाली बसणार, आणि वीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहांना वाटणार की डोंगर खचला. त्याला हसू आलं आणि लगोलग घाम फुटला. मग वाटलं, घातली असेल. सवयीनं घातलीच असेल. न घालून कसं चालेल. असं तो तीन दिवस स्वतःला सांगत राहिला. जेवताना, पाणी भरताना, दुकानात सुटे पैसे मोजताना त्याचा अंगठा तर्जनीवर फिरायचा, तिथे नसलेली चकती चाचपत.

चौथ्या दिवशी मॅडमचा पुन्हा फोन आला. आकडा टिकून होता, अकरावर ठाम. त्यांनी खबरदारीचं एक टिपण पाठवलं होतं आणि तालुक्याच्या साहेबांनी ते फारच मनावर घेतलं होतं. पक्का निवाडा रडारच्या चित्रानं होईल, त्या म्हणाल्या. रडारचा उपग्रह बारा दिवसांनी त्याच वाटेनं परत येतो. नागपंचमीआधीचं चित्र आहेच, नंतरचं एक ढगातून आलं पण रान हिरवंगार, पानं वाऱ्यानं हलतात, त्यात काही धड दिसत नाही. "पण तांड्यावरचे पत्रे छान चमकतात, शिवहार. पत्रे जागचे हलत नाहीत. पोळ्याच्या आदल्या दिवशीचं चित्र आलं की दोन्ही एकावर एक ठेवायची. जमीन खरंच बसली असेल तर पत्र्यांवर दिसेल. मग आपल्या टोपीवाल्याला विचारायचीही गरज नाही." त्या उत्साहानं बोलत होत्या. शिवहारला आयुष्यात पहिल्यांदा आकाशाची भीती वाटली. इतकी वर्षं तो वर बघत होता तेव्हा वरचं आपल्या बाजूचं आहे असं धरून चालला होता. आता वर कुणीतरी होतं, ते गाणं गुणगुणत आपल्या ठरल्या वाटेनं येत होतं, आणि त्याला रजिस्टरात लाईट गेली होती हे वाचता येत नव्हतं.

त्याच दिवशी नेमसिंगचा फोन आला. नेमसिंग तांड्याचा नाईक. खांबाला जागा त्यानंच दिली होती, फुकट, आणि सहा वर्षांत उन्हाळ्यात शिवहारला ताकाशिवाय कधी परत पाठवलं नव्हतं. "शिवहार भाऊ, साहेब लोक आले व्हते. म्हनले, पोळ्याच्या आत तांडा खाली करा, शाळेत जाऊन ऱ्हावा. मानसं शाळेत ऱ्हातील. बैलं कुठं ठिवू? आमचे आजे हजार हजार बैलावर मीठ लादून मुलूख फिरले, आन् मी पोळ्याच्या दिशी माझी जोडी लोकाच्या गोठ्यात बांधू का?" तो थांबला, खोकला. "पन टोपीवाला बोलला म्हनतात. टोपीवाला खोटं बोलत न्हाई, बराबर? तू तपासतोस. तू म्हनशील तर उठतो. मी समद्यायला सांगून ठिवलंय, शिवहार म्हनला तरच उठायचं." शिवहार म्हणाला, येतो. उद्याच येतो. फोन ठेवल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आता सुटका नाही. खरं सांगितलं तर नोकरी जाणार, आणि नोकरीहून मोठं जे काही या सहा वर्षांत त्याच्या अंगाला लागलं होतं तेही जाणार. न सांगितलं तर चाळीस घरांचा तांडा त्याच्या एका ओळीखातर उठणार. एवढंच असतं तरी सोपं होतं. खरी भीती तिसरीच होती. समजा सांगितलं, की चूक माझी, जमीन जागची हलली नाही. लोक हसतील, निर्धास्त होतील, घरात जाऊन निजतील. आणि मग हलली तर? त्यांना आत या म्हणणारा मीच असेन. चांगल्या मनानं.

तो अंगणात आईच्या बाजेपाशी जाऊन बसला. ती लोकरीचा जुना गुंता सोडवत होती, कशासाठी ते तिलाच ठाऊक. "माय, त्या दिशी माळावर एक चकती व्हती. पितळी. पाहिली का तू?" तिनं वर पाहिलं नाही. "व्हय. वारुळापाशी ठिवली." "काहून?" "तू तिच्या टाळूवरचं काढलंस, घडीभरानं परत लावनार. फुकट कसं? तिला काहीतरी द्यावं लागतं. लोखंड चालत न्हाई, पितळ चालतं. हळद लावून ठिवली." ती इतकी सरळ बोलली की त्याला रागसुद्धा आला नाही. दारात दीपमाला उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "तुमी गप ऱ्हावा. लाईट गेली म्हनलात ना, मंग गेली. त्या माळावरचं कोन बघायला येतंय?" "वरून बघतेत," तो म्हणाला. तिनं खरंच वर पाहिलं. ढग होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कळमनुरीच्या वाटेला लागला. सोयाबीन गुडघ्याच्या वर आलं होतं, रस्त्याकडेला बैलांच्या झुली आणि घागरमाळा टांगलेली दुकानं लागली होती, आणि प्रत्येक खड्ड्याला त्याच्या पोटात जमीन गुरगुरत होती. हल्ली त्याचं असं व्हायचं, कुठलं हलणं आपलं आणि कुठलं तिचं हे कळायचं नाही. उभं राहून पाणी पितानाही तो अंगणातल्या बादलीकडे बघायचा, पाणी थरथरतंय का. एकदा बादली थरथरत होती आणि तो आईला हाक मारणार होता, तेवढ्यात कळलं की बादलीची कडी त्याच्याच हातात आहे. मॅडमना एकदा विचारायचं होतं, खांबाच्या आकड्यांतून माणसाची चूक वजा कशी करतात. त्या म्हणाल्या असत्या, आधी चूक सांगावी लागते. हे उत्तर त्याला ठाऊक होतं म्हणूनच त्यानं विचारलं नव्हतं.

तांड्यावर निघायची तयारी चालू होती. एका ओट्यावर धान्याच्या कोठ्या आणून ठेवल्या होत्या, कुणी पत्र्याचे खिळे उपटत होतं. ते बघून शिवहारला धसका बसला. पत्रे निघाले तर वरून दिसणार काय? नेमसिंगनं त्याला पाहिलं आणि काही न बोलता बरोबर चालू लागला. बैलांची शिंगं रंगवायला काढलेला तांबडा रंग त्याच्या बोटांना लागलेला होता. म्हणजे त्याचं मन काय म्हणत होतं ते दिसतच होतं. शिवहार खांबाकडे न जाता उताराला लागला. वारूळ पावसानं एका अंगानं खचलं होतं आणि मुंग्यांनी ते पुन्हा बांधायला घेतलं होतं. चकती पायथ्याशीच होती, अर्धी मातीत, नव्या मातीनं तिला कडेनं धरायला सुरुवात केली होती. हळद धुऊन गेली होती, एका खाचेत तेवढी पिवळी रेघ उरली होती. त्यानं ती काढली, धोतराच्या सोग्याला पुसावी तशी सदऱ्याला पुसली आणि तिथेच, ओल्या उतारावर, मॅडमना फोन लावला. नेमसिंग दोन हात अंतरावर उभा होता. त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानंच शिवहार बोलला. टोपी मी काढली होती. नागपंचमी म्हणून. आईसाठी. लाईट गेली नव्हती. चकती बसवायची राहिली, ती माझ्या हातात आहे. वाक्यं एवढीच होती. गेले कित्येक दिवस ती डोंगराएवढी वाटत होती आणि अर्ध्या मिनिटात संपली.

आपण आता रडू की काय असं त्याला वाटलं, आणि एक डोळा भरलाच. "टिपण माझ्या नावानं गेलंय, शिवहार," मॅडम म्हणाल्या. आवाज थकलेला होता. "मला हे वर कळवावं लागेल. तुमचं पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही. तुम्ही स्वतःच्या हातानं सगळं लिहून पाठवा, आजच." मग कागद सरकवल्याचा आवाज आला, आणि त्या एकदम कामावर आल्या. "चकतीची जाडी किती?" हत्यारांच्या पिशवीत पोलादी पट्टी होती. त्यानं चकती तिच्यावर उभी धरली. आकडा चुकू नये म्हणून नेमसिंगच्या खांद्यावर कोपर टेकवलं. "नऊ." "नीट बघा. नऊ की साडेनऊ?" त्यानं पुसून पुन्हा बघितलं, उलटी करून बघितलं. "नऊच, मॅडम. बराबर नऊ." पलीकडे पेन कागदावर चाललं. "मग दोन उरतात," मॅडम म्हणाल्या. तो म्हणाला, चुकीचे असतील. "एखादा चुकीचा असेल. पाण्याच्या भाराचं मी आधीच वजा केलंय. दोन… मला माहीत नाही, शिवहार. खरंच माहीत नाही. दोन मिलिमीटरवर तांडा उठवा असं मी लिहू शकत नाही, ते टिपण आत्ता मागे घेते. पण काही नाही असंही मी लिहिणार नाही. पत्रे काढू देऊ नका, मला ते चित्र हवंय. आणि चकती बसवायला जाऊ नका. आम्ही येईपर्यंत कशालाही हात लावू नका."

फोन खिशात गेला. खाली तांड्यात कुणीतरी खिळा उपटत होतं, पत्र्याचा कर्र आवाज येत होता. "काय म्हनल्या बाई?" नेमसिंगनं विचारलं. आता शिवहारला वाटलं तर फक्त नऊ सांगता आले असते. नेमसिंगनं तेच धरून ठेवलं असतं, ढोल वाजला असता, आणि उरलेले दोन कुणाला दिसले नसते. पण तो म्हणाला, "नऊ माझे हायेत, नाईक. दोन जमिनीचे." नेमसिंग एक पाऊल जवळ आला. "तुझे म्हंजे तू केलेले?" "व्हय." "माझ्या दारात कोठ्या भायेर काढायला लावल्या तू." "व्हय." नेमसिंगनं शिवी दिली, लमाणीत, ती शिवहारला समजली नाही आणि समजलीही. मग नेमसिंगनं विचारलं, "दोन म्हंजे किती रे?" शिवहारनं अंगठा आणि बोट जवळ आणलं. "तिळाएवढं." नेमसिंग हसला, मोठ्यानं हसला, तांबड्या बोटांनी मांडीवर थाप मारली. "तिळापायी तांडा उठवत व्हते व्हय!" हसता हसता त्यानं खाली आपल्या घरांकडे पाहिलं आणि हसू हळूहळू उतरलं. तीळ खरा होता. तो कुणाच्या हातून सांडला नव्हता. "मंग," तो म्हणाला, "पोळा हितं करायचा?" "हितंच करा." "आन् निजायचं कुठं? घरात का भायेर? तू सांग. तूच सांग, तू तपासतोस."

मुंजाजीला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी त्या रात्री सांगणारं कुणी नव्हतं, ना खाली, ना वर. आत्ताही नव्हतं. दोन मिलिमीटर होते आणि एक खोटं लिहिलेला माणूस होता. शिवहारला वाटलं की आपल्या तोंडून आता जे निघेल त्याच्यावर आपला काही हक्क नाही, आणि तरी ते बोलावं लागणार आहे. "भायेर," तो म्हणाला. "चित्र येईपर्यंत तरी भायेर निजा. वर ताडपत्री टाका. आन् पत्रे काढू नका." नेमसिंगनं वाद घातला नाही. दोघं उतार उतरून खाली आले. नेमसिंगनं पत्रा काढणाऱ्याला हटकलं, कोठ्या आत न्यायला सांगितल्या, मग स्वतःच्या घरात शिरून बाजेचं एक टोक धरलं आणि दारातून बघत उभा राहिला. "आता धरतोस का नुसता बघतोस?" शिवहारनं दुसरं टोक धरलं. बाज तिरपी करून त्यांनी ती दारातून काढली आणि अंगणात ओल्या जमिनीवर ठेवली. तीन पाय टेकले, चौथा अधांतरी राहिला. शिवहारनं इकडे तिकडे बघून एक चपटा दगड आणला, पायाखाली सरकवला आणि दोन्ही हातांनी बाज दाबून पाहिली. मग हात तसेच ठेवून तो बराच वेळ वाकून उभा राहिला, काही हलतंय का ते बघत.